फ्लेमिंगो शून्य : भिगवणची सहल आणि माझा वाया गेलेला हिवाळा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी डिसेंबरात ताईचा फोन आला. मुलांना नाताळची सुट्टी आहे, भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाऊया, तू पक्ष्यांवरच काम करतेस ना, मग चल. तुमच्याही घरी असं होत असणार. संशोधनाला लागलात की घरचे तुम्हाला फुकटचा गाईड समजतात. मी गेले, आणि बदल्यात मला काय मिळालं ते आज सांगायचं आहे. कारण तुमच्यापैकी बरेच जण पुढच्या वर्षी पहिल्यांदा फील्डवर जाणार आहात, आणि मी केलेली चूक तुम्ही करू नये अशी फार इच्छा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : भिगवण पुणे-सोलापूर रस्त्यावर, पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटरवर आहे. भीमेवर उजनीचं धरण झालं आणि मागे पाणी पसरलं, त्या उथळ फुगवट्यावर हिवाळ्यात पाहुणे पक्षी येतात. कुंभारगावातून सकाळी नावा सुटतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या बदकं, कुरव, आणि इथलेच चित्रबलाक, राखी बगळे, पाणकावळे. मुलांना घेऊन हिवाळ्यात कुठे जावं असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून हेच नाव सांगते. थंडी सोसण्याइतकी, पक्षी मोठे आणि उघड्यावर बसणारे, आणि परतताना शेतावर हुरडा मिळण्याची शक्यता.

तर आम्ही पाचजण : ताई, दाजी, अकरा वर्षांची भाची, आठ वर्षांचा भाचा आणि मी. पहाटे निघालो, सात वाजता नावेत. आणि फ्लेमिंगो नव्हते. एकसुद्धा नाही.

भाची एवढी चिडली की वहीत पहिल्याच ओळीला तिने लिहिलं : ‘फ्लेमिंगो ०. सकाळी ७ ते ९॥. नावेतून. दुर्बिणी दोन. नाववाले काका म्हणाले होते दिसतील.’

मला हसू आलं. माझ्या स्वतःच्या फील्डच्या वहीत असली ओळ एकही नव्हती, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

माझं काम शेततळ्यांवरच्या पाणपक्ष्यांवर. चौदा शेततळी निवडली होती, हिवाळाभर आलटून पालटून जायचं आणि कोण येतं ते नोंदवायचं. मी जायचे, पक्षी असले की नाव, संख्या, तारीख लिहायचे. नसले की चहा पिऊन पुढच्या तळ्याकडे. काही नाहीच तर लिहायचं काय? मे महिन्यात मॅडमसमोर आकडे ठेवले. त्यांनी दोन मिनिटं वही चाळली आणि विचारलं, “काहीच नव्हतं असे दिवस किती? आणि प्रत्येक तळ्यावर किती वेळ थांबलीस?”

मला दोन्ही सांगता आलं नाही.

माझ्या नोंदींनुसार प्रत्येक तळ्यावर प्रत्येक वेळी पक्षी होते! कारण नव्हते तेव्हाची नोंदच नाही. ‘बदकं शेततळ्यावर किती वेळा येतात’ हा माझा मूळ प्रश्न, आणि त्याचं उत्तर काढायला भागाकारात खाली जो आकडा लागतो तोच मी गोळा केला नव्हता. हिवाळा वर्षातून एकदाच येतो. फेलोशिपचं घड्याळ मात्र थांबत नाही. म्हणजे एक आख्खं वर्ष गेलं.

त्या सुट्टीत ताईकडे रडका चेहरा घेऊन बसले होते, तेव्हा भाचीने तिची वही दाखवली. ती पहिली ओळ पुन्हा वाचली आणि लक्षात आलं की या पोरीने माझ्यापेक्षा नीट काम केलंय. काय नव्हतं, किती वेळ बघितलं, कुठून बघितलं, कशाने बघितलं, सगळं आहे. अगदी आधी काय अपेक्षा होती तेही.

आता त्या शून्याला एवढी किंमत का, ते बघू. फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित, चोचीने चिखलपाणी गाळून खातात, त्यांना उथळ पाणी लागतं. डिसेंबरात उजनीचा फुगवटा भरलेला असेल तर त्यांना उभं राहायला जागाच कमी. पुढे शेतीला पाणी सुटतं, पातळी उतरते, दलदल उघडी पडते आणि मग त्यांची गर्दी होते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये जाणारे खूश होऊन येतात आणि नाताळात जाणारे आमच्यासारखे चिडून. पण ‘पाणी उतरलं की रोहित येतात’ हे दाखवायचं असेल तर नुसत्या दिसल्याच्या नोंदी पुरत नाहीत. पाणी भरलेलं होतं तेव्हा कुणीतरी जाऊन, नीट बघून, शून्य लिहिलेलं असावं लागतं.

ही गोष्ट मोठमोठ्या मोजण्यांनाही लागू आहे. १९०० सालच्या नाताळात अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी लोकांना सांगितलं की सणाच्या दिवशी बंदुका घेऊन पक्षी मारायची चढाओढ करण्यापेक्षा पक्षी मोजा. पहिल्या वर्षी २७ जण निघाले. आज तिथे हजारो लोक मुलाबाळांसह त्या मोजणीला जातात. आता विचार करा, मोजणारे एवढे वाढले तर मोजलेले पक्षी वाढणारच. त्यातले पक्षी खरंच वाढले किती आणि डोळे वाढले किती? म्हणून तिथे प्रत्येक गटाने किती तास मोजलं ते लिहितात आणि ताशी किती पक्षी दिसले ते बघतात. आपल्याकडे ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ हा अहवाल हौशी लोकांनी ई-बर्डवर टाकलेल्या याद्यांवर उभा आहे. यादी भरताना तिथे एक प्रश्न विचारतात : ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत का? ‘हो’ असेल तर त्या यादीत नसलेला पक्षी ‘दिसला नाही’ असा धरता येतो. एका ‘हो’मुळे शेकडो शून्यं फुकट मिळतात.

पण थांबा. ‘दिसला नाही’ म्हणजे ‘नव्हता’ असं नाही. इथे नवे विद्यार्थी हमखास अडकतात. समजा तळ्यावर एखादा पक्षी आहे आणि एका फेरीत तो तुम्हाला दिसण्याची शक्यता ०.४ आहे. एकदाच गेलात तर तो हुकण्याची शक्यता ०.६. तीनदा गेलात तर ०.६ चा घन, म्हणजे सुमारे ०.२२. पाच फेऱ्यांत ०.०८ च्या आसपास. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा जायचं असतं. एकदा चाळीस तळी बघण्यापेक्षा चौदा तळी तीन-तीनदा बघितलेली बरी, असं माझं मत. (मॅडमना वीस हवी होती. त्यावर आमची अजून चर्चा चालू आहे.)

आता नावेतली खरी गंमत. काठावर पट्टकादंबांचा थवा बसला होता. दाजी म्हणाले, “दोनशे.” ताई म्हणाली पन्नास-साठ. काका म्हणाले, “शंभर तरी हायेत.” नंतर फोटोत टिंबं मारून मोजले, १३४ भरले. मोठा थवा माणसं सहसा कमी मोजतात. दाजींसारखे अपवाद असतात. यावरचा साधा उपाय म्हणजे आधी दहा नीट मोजायचे, ते दहा केवढी जागा व्यापतात ते डोळ्यांत भरायचं आणि तसे किती तुकडे बसतील ते बघायचं.

मुलांना मात्र मी दुसरं काम दिलं होतं. पाण्यात बुडालेल्या बाभळीच्या वाळक्या फांद्यांवर पाणकावळे बसले होते. दोघांनी झाडाचं चित्र काढायचं आणि दिसेल त्या जागी फुली मारायची. त्या वेळी दुर्बिणीवरून भांडण होऊन दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. भाचीच्या १२ फुल्या झाल्या, भाच्याच्या १०. चित्रं शेजारी ठेवली तर ८ दोघांच्या सारख्या होत्या. मग एकूण किती? भाच्याच्या १० पैकी ८ भाचीला दिसले, म्हणजे ती दहातले आठ पकडते. तिला १२ दिसले, तर एकूण असावेत १२ × १० ÷ ८ = १५. फोटोत १४ निघाले. या गणिताला लिंकन-पीटरसन म्हणतात. लिंकन यांनी ते १९३० मध्ये बदकांच्या पायात घातलेल्या कड्यांवरून बदकांची संख्या काढायला वापरलं होतं.

पुढच्या झाडापर्यंत भांडण मिटलं होतं. “तो बघ! खाली बघ!” चालू झालं. दोघांच्याही ९ फुल्या, नऊच्या नऊ सारख्या. गणित म्हणतं ९ × ९ ÷ ९ = ९, कुणीच हुकलेलं नाही. फोटोत १३ होते.

एका झाडावरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण चूक कुठल्या दिशेला जाते ते बघा. दोन निरीक्षक एकमेकांना खुणावतात तेव्हा त्यांचे आकडे छान जुळतात आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. फील्डवर जोडीदाराचा आकडा तंतोतंत जुळला की आपल्याला बरं वाटतं. मला तरी आता आधी शंका येते. भांडण नसतानाही थोडा घोळ राहतोच : उघड्यावरचे पाणकावळे दोघांनाही सहज दिसतात, खोडाआडचे कुणालाच नाही. म्हणून हा अंदाजही सहसा थोडा कमीच असतो.

या हिवाळ्यात घरच्यांबरोबर कुठे जाणार असाल, अगदी गावाबाहेरच्या तलावावर, तर पंधरा मिनिटं मागून घ्या. सुरुवातीची आणि शेवटची वेळ लिहा. निघण्याआधी काय दिसायला हवं ते लिहून ठेवा, म्हणजे शून्य लिहायला जागा राहील. मुलांना वेगवेगळ्या टोकांना बसवा. पक्ष्याचं नाव आलं नाही तर ‘मोठं, करडं, लांब पायाचं’ एवढंही चालेल. फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. त्यात पंधरा मिनिटांची यादीही घेतात आणि गच्चीवरूनही भाग घेता येतो. पण थवा दिसला म्हणून नाव जवळ न्यायला सांगू नका. थवा उडाला की तुमचा आकडाही गेला आणि त्यांची सकाळही.

माझा दुसरा हिवाळा बरा गेला. वहीत आता शून्यं भरपूर आहेत, काही पानांवर तर तेवढीच. जानेवारीत पुन्हा भिगवणला जायचं ठरलंय, आणि भाचीने आत्ताच बजावलंय की मावशी माझ्या शेजारी बसणार नाही, ती सारखी बोट दाखवते.