दरवाजामागची माणसं

२१ डिसेंबर २०२४. शनिवार, रात्रीचे दहा. जेवणं उरकून टीव्हीसमोर बसलेल्या कितीतरी घरांत त्या रात्री एक जुनी सवय पुन्हा जागी झाली. २७ ऑक्टोबर २०१८ रोजी बंद झालेली ‘सीआयडी’ ही पोलीस तपासाची मालिका सोनी वाहिनीवर परत आली होती. मालिका थांबली तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता सातवीत पोचली होती, पण दया कोण आणि अभिजित कोण हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मधली सहा वर्षं यूट्यूबवरचे जुने भाग आणि मोबाइलवर फिरणारे मीम्स यांनी ही मंडळी घराघरांत राखून ठेवली होती.

जुनी मालिका नव्याने करायची म्हटली की पहिला विचार येतो तो नव्या चेहऱ्यांचा. नाव तेच, गणवेश तोच आणि आतली माणसं ताजी. ‘सीआयडी’ने हा रस्ता धरला नाही. शिवाजी साटम पहिल्या भागात एसीपी प्रद्युम्न म्हणून उभे राहिले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. परतले तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचे. अभिजित करणारे आदित्य श्रीवास्तव आणि दया करणारे दयानंद शेट्टी यांच्याही तोंडावर वय दिसत होतं. ते लपवण्याची गरज कुणाला भासली नाही आणि ते बरंच झालं. या मालिकेची खरी पुंजी रहस्यात कधीच नव्हती. ती या चेहऱ्यांत होती. आणि हे चेहरे जमले कसे, ते पाहिलं की त्यांना पर्याय का नव्हता हे कळतं.

सुरुवात बी. पी. सिंह यांच्यापासून करायला हवी. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून छायाचित्रण शिकून सिंह मुंबई दूरदर्शनवर कॅमेरामन झाले. गुन्हे शाखेतल्या माणसांचं काम त्यांनी जवळून पाहिलं होतं, आणि तपासाची मालिका करायची हे त्यांच्या डोक्यात ‘सीआयडी’च्या कितीतरी आधीपासून होतं. दूरदर्शनच्या मराठी प्रेक्षकांना ‘एक शून्य शून्य’ आठवत असेल. पोलिसांच्या शंभर नंबरावरून नाव घेतलेली ही मालिका. सिंह आणि साटम यांचे सूर जुळले ते तिथपासूनचे.

निर्मितीत सिंह यांचे भागीदार होते प्रदीप उप्पूर. पोलिसांची गोष्ट त्यांनाही नवी नव्हती. १९८३च्या ‘अर्धसत्य’चे ते एक निर्माते. श्री. दा. पानवलकरांची कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि गोविंद निहलानींचं दिग्दर्शन असलेला तो चित्रपट. ‘अर्धसत्य’मधला फौजदार आतून फाटत जातो, ‘सीआयडी’मधले अधिकारी दर आठवड्याला ताठ उभे राहतात. दोन्ही टोकांच्या मागे एकच निर्माता असावा, ही गोष्ट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. मालिका परतलेली पाहणं मात्र उप्पूर यांच्या नशिबी नव्हतं. मार्च २०२३ मध्ये सिंगापूरला त्यांचं निधन झालं.

साटम मूळचे सेंट्रल बँकेतले. बँकांच्या आंतरबँक नाट्यस्पर्धा हे मराठी रंगभूमीचं एक मोठं पाळणाघर होतं. दिवसा काउंटरवर आणि संध्याकाळी तालमीत अशी माणसं त्या काळात बँकोबँकी सापडत. अशाच एका नाटकात बाळ धुरी यांनी साटम यांना हेरलं आणि ‘संगीत वरद’मधून व्यावसायिक रंगमंचावर आणलं. एसीपी प्रद्युम्नचा जो हात देशभर ओळखला जातो, पंजा उघडा ठेवून बोटं हवेत हळूहळू फिरवणारा, तो पाहताना हे लक्षात ठेवावं. नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून नट हात वापरायला शिकतो. साटम यांनी तो हात टीव्हीच्या छोट्या चौकटीत बसवला. गुन्ह्याची जागा, सगळे गप्प, संशयाचं पहिलं वाक्य तोंडातून यायचंय, आणि त्याआधीच बोटं विचार करायला लागलेली असतात. त्या एका क्षणासाठी लोक आठवडाभर थांबत.

दयानंद शेट्टी तर अभिनयाच्या वाटेने आलेलेच नव्हेत. ते थाळीफेक करायचे, महाराष्ट्राच्या पातळीवर गाजलेले. पायाच्या दुखापतीने मैदान सुटलं. तुळू नाटकात काम करताना मालिकेच्या निर्मिती विभागातल्या एकाने त्यांना पाहिलं, ऑडिशनला बोलावलं आणि त्यांना भूमिका मिळाली. पुढे दरवाजा तोडणं ही त्यांची ओळख झाली. थाळी फेकणाऱ्याचं सगळं बळ पाय रोवण्यात आणि कमरेच्या वळणात असतं. दरवाजापुढे उभ्या राहणाऱ्या दयाची ठेवण नीट पाहिली तर तो खेळाडू अजून तिथे दिसतो. २०१४च्या ‘सिंघम रिटर्न्स’मध्ये शेट्टी यांना दया नावाचाच पोलीस करायला मिळाला आणि दरवाजाही पाठोपाठ आला.

आदित्य श्रीवास्तव अलाहाबादच्या रंगभूमीवरून आले. ‘बँडिट क्वीन’ आणि ‘सत्या’ करून झालेला हा नट ‘सीआयडी’त आधी एका भागात गुन्हेगार म्हणून दिसला. १९९९मध्ये तो सीनिअर इन्स्पेक्टर अभिजित झाला. मालिकेत अडकून पडायला श्रीवास्तव तयार नव्हते. होकार दिला तो मोजक्या भागांपुरता. ते मोजके भाग वीस वर्षं चालले. ‘सत्या’मधला इन्स्पेक्टर खांडिलकर ज्यांनी पाहिलाय, त्यांना अभिजितच्या थंड नजरेचं मूळ कुठे आहे ते चटकन कळेल.

सुरुवातीच्या भागांत आणखी एक चेहरा होता, इन्स्पेक्टर वीरेंद्र. ती भूमिका आशुतोष गोवारीकर यांची. ते पुढे ‘लगान’च्या कामाला लागले आणि जागा रिकामी झाली. कुणी जातो, कुणाला तरी वाट मिळते. या मालिकेची पात्रयोजना अशीच होत गेली.

आडनावांची गंमत तर खास मुंबईची आहे. फॉरेन्सिक तज्ज्ञ डॉ. साळुंखे हे पात्र मराठी. ते करणारे नरेंद्र गुप्ता. इन्स्पेक्टर फ्रेडरिक्स ख्रिस्ती. ते करणारे दिनेश फडणीस. इतक्या वर्षांनी साळुंखे म्हटलं की गुप्तांचाच चेहरा समोर येतो.

प्रत्यक्षातला तपास यापेक्षा पुष्कळ वेगळा चालतो, हेही सांगायला हवं. महाराष्ट्राच्या राज्य सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे. मुंबईतले मोठे गुन्हे बहुधा मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेकडे जातात. एसीपी, म्हणजे सहायक पोलीस आयुक्त, हे पद आयुक्तालय असलेल्या शहरांतलं. राज्य सीआयडीत त्या दर्जाचा अधिकारी पोलीस उपअधीक्षक म्हणवला जातो. आणि डॉ. साळुंखे रंगीत द्रवाची नळी हलवून क्षणात निकाल देतात, तिथे कलिनाच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून अहवाल यायला दिवस, कधी महिने लागतात. तरीही हाताचे ठसे, रक्तगट, डीएनए हे शब्द गावागावांतल्या ओट्यांवर पोचवले ते याच मालिकेने. हे श्रेय मोठं आहे.

तांत्रिक धाडसाची एक गोष्ट मात्र फुरसतीने सांगण्यासारखी आहे. ७ नोव्हेंबर २००४ रोजी ‘सीआयडी’चा १११ मिनिटांचा एक भाग दाखवला गेला, आणि त्यात एकही कट नव्हता. कॅमेरा सुरू झाला तो गोष्ट संपल्यावरच थांबला. गिनेस आणि लिम्का या दोन्ही विक्रमांच्या पुस्तकांनी त्याची नोंद घेतली. म्हणजे नेमकं काय, ते डोळ्यांसमोर आणून पाहावं. एरवी शूटिंगला दिवे एका बाजूला लावतात, कॅमेरा दुसऱ्या बाजूने पाहतो, आणि बाजू बदलली की सगळं पुन्हा मांडतात. इथे कॅमेरा चारी दिशांना फिरणार, मग दिवे लपवायचे कुठे? माइक धरणाऱ्याने उभं कुठे राहायचं? नट चौकटीबाहेर गेला की पुढच्या प्रवेशाच्या जागी चोरपावलांनी पळत पोचायचं, आणि धाप लागलेली दिसू द्यायची नाही. शंभराव्या मिनिटाला कुणी एक वाक्य विसरला, तर आधीची नव्व्याण्णव मिनिटंही वाया. नाटकातल्या माणसांना हे जमणारं होतं, कारण दोन तास न थांबता उभं राहण्याची सवय त्यांच्या अंगात होती. दर आठवड्याला माल पुरवणाऱ्या मालिकेने, गरज नसताना, हा डाव मांडला याचं कौतुक वाटतं.

२०१८ला पडदा पडल्यावर ही माणसं पूर्ण पांगली नाहीत. २०१९मध्ये दंगल वाहिनीवर ‘सीआयएफ’ नावाची तपासमालिका आली, त्यात शेट्टी यांच्यासह ‘सीआयडी’तले काही चेहरे होते. ती फार टिकली नाही. प्रेक्षकांना नुसते पोलीस नको होते. त्यांना प्रद्युम्नच्या टेबलाभोवती उभे असलेले पोलीस हवे होते.

नव्या पर्वाला हे लवकरच अनुभवायला मिळालं. एप्रिल २०२५मध्ये तिग्मांशू धुलिया यांनी रंगवलेल्या बार्बोझा या खलनायकाच्या बॉम्बस्फोटात एसीपी प्रद्युम्नचा मृत्यू दाखवला गेला. वाहिनीने श्रद्धांजलीची पोस्ट टाकली. त्या जागी पार्थ समथान यांना एसीपी आयुष्मान म्हणून आणलं. समथान यांचा यात काही दोष नव्हता. कुणाही तरुण नटाला ही खुर्ची जड गेली असती. प्रेक्षक मात्र घरातलं माणूस गेल्यासारखे हळहळले आणि रागावलेही. त्याच वर्षी साटम मालिकेत परतले. मेलेलं पात्र उठवायला लेखकांना करावी लागलेली खटपट लोकांनी एका झटक्यात माफ केली.

एक जागा मात्र कुणाला भरता आली नाही. दिनेश फडणीस यांचं ५ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत, सत्तावन्नाव्या वर्षी निधन झालं. मालिका परतायला तेव्हा एक वर्ष आणि काही दिवस बाकी होते. फ्रेडरिक्सने प्रेतांच्या आणि पुराव्यांच्या त्या गर्दीत हसू आणलं. बायकोला घाबरणारा, भुताला घाबरणारा, आणि तरीही बंदूक घेऊन सगळ्यांबरोबर आत शिरणारा पोलीस फडणीस यांनी वीस वर्षं केला. मालिकेचे काही भाग तर त्यांनी स्वतः लिहिलेले आहेत. नव्या पर्वात दरवाजा तुटतो, प्रद्युम्न आत येतात, मागून अभिजित येतो, दया येतो. पूर्वी त्यांच्याही मागून, थोडा दबकत, फ्रेडरिक्स यायचा.