मुख्यालय आणि मुक्काम

पत्त्यात गावाच्या नावाआधी ‘मु. पो.’ लिहिण्याची मराठी माणसाची रीत जुनी आहे. मु. पो. कडा, ता. आष्टी, जि. बीड, एवढे लिहिले की पत्र बिनचूक पोचते. यातल्या ‘पो.’ला टपालखात्याचा आधार आहे, ‘मु.’ला मात्र केवळ माणसाचा. दिवस मावळल्यावर माणूस जिथे परततो, अंथरूण पसरतो आणि रात्री-अपरात्री कोणी हाक मारली तर जिथून ओ देतो, ते ठिकाण म्हणजे मुक्काम. शासकीय परिभाषेत या शब्दाच्या जागी ‘मुख्यालय’ हा भारदस्त शब्द आला आणि त्याबरोबर अर्थही पालटला. मुक्काम करावा लागतो. मुख्यालय नुसते नेमून देता येते. डोंगराळ खेड्यांत नेमणूक झालेले शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका, तलाठी यांच्यासंबंधी गेली अनेक वर्षे जो वाद चालू आहे, तो या दोन शब्दांमधल्या अंतराचा आहे.

कडा हे त्या अंतराचे एक नाके आहे. बालाघाटच्या डोंगररांगा जिथे सीना नदीच्या खोऱ्याकडे उतरू लागतात त्या भागातले, नगरहून आष्टीमार्गे जामखेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. आष्टी तालुका मराठवाड्यात मोडत असला तरी त्याचे पाणी गोदावरीकडे न जाता सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. त्याचप्रमाणे येथील माणसाची ओढही दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी आणि मोठ्या खरेदीसाठी नगरकडेच राहिली आहे. कड्याला कांद्याचा बाजार आहे, अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय आहे, भाड्याने मिळतील अशी चार घरे आहेत. त्यामुळे आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर नेमणूक झालेला माणूस फार तर कड्याला किंवा आष्टीला बिऱ्हाड करतो. ज्याला तेही नको असते तो नगरहून ये-जा करतो. या ये-जा करण्याला सर्वत्र ‘अपडाऊन’ म्हणतात आणि हा शब्द आता खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी रुळला आहे.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर ते आष्टी रेल्वे सुरू झाली आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी ती बीडपर्यंत पोचली. मंजुरीनंतर पाव शतकाहून अधिक काळ या भागाने ज्या गाडीची वाट पाहिली, ती कड्याच्या स्थानकावर थांबू लागली याचा आनंद कोणालाही व्हावा. परंतु रस्ता आणि रूळ यांना दोन्ही दिशा सारख्याच असतात. ज्या सोयीने माणूस गावात येतो त्याच सोयीने तो संध्याकाळी गावातून निघूनही जातो.

पूर्वीचा मास्तर गावात राहत असे, याचे कौतुक आज फार होते. ते कौतुक थोडे तपासून घेतले पाहिजे. १९६०-७० च्या सुमारास डोंगरातल्या शाळेवर हजर झालेला तरुण शिक्षक एखाद्या वाड्याच्या माडीवर किंवा देवळाच्या ओवरीत राही. स्टोव्हवर पिठले करून खाई, संध्याकाळी कोणाचे पत्र वाचून दाखवी, कोणाचा अर्ज लिहून देई. तो राहत होता यामागे ध्येयवाद अनेकदा असे. पण त्याहून पक्के कारण असे की परतीचे वाहनच नसे. संध्याकाळी येणारी मुक्कामी एस. टी. रात्रभर गावात थांबे, तिचे चालक-वाहक देवळात नाही तर शाळेच्या ओट्यावर झोपत आणि पहाटे गाडी परत नेत. कारण काही असो, मास्तर रात्री गावात असे, आणि गावाने त्याच्यातला बरावाईट माणूस पाहिलेला असे. मोटारसायकल स्वस्त झाली, काळी-पिवळी जीप धावू लागली, रस्ते डांबरी झाले आणि ती सक्ती संपली. सक्ती संपल्यावर किती जण राहतात, ही खरी परीक्षा होती. तिचा निकाल सर्वांना ठाऊक आहे.

शासनाने यावर उपाय शोधला तो शासकीयच. मुख्यालयी राहण्याचा नियम जुनाच होता. घरभाडे भत्त्याशी तो जोडलेलाही होता. २०१९ च्या सप्टेंबरात ग्रामविकास विभागाने त्यावर आणखी एक अट घातली: कर्मचारी गावी राहतो याबद्दल ग्रामसभेचा ठराव हवा. २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात हा विषय विधानसभेत गाजला, त्यानंतर शिक्षक रस्त्यावर उतरले आणि काही काळ असे चित्र निर्माण झाले की महाराष्ट्राच्या ग्रामीण शिक्षणाचे सारे दुखणे मास्तरच्या घरभाड्यात साठलेले आहे. हा मास्तरवर अन्याय होता. कारण तो का राहत नाही, हे विचारण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही.

पाचशे-सातशे वस्तीच्या वाडीवर भाड्याने देण्याजोगे घर नसते. असले तर दोन खणांचे. त्यात न्हाणीघर नसते आणि उन्हाळ्यात पाणी टँकरचे. एकट्या शिक्षिकेने किंवा परिचारिकेने तिथे राहावे असे म्हणणाऱ्याने आपल्या मुलीला तिथे ठेवले असते काय, असा साधा प्रश्न आहे. नवरा एका तालुक्यात आणि बायको दुसऱ्या तालुक्यात अशी असंख्य जोडपी आहेत. त्यांनी नेमके कोणते मुख्यालय मानावे? स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची चिंता आहेच. आणि जो शिक्षक आपल्या शाळेत आपले मूल घालत नाही त्याला नावे ठेवताना हेही लक्षात घ्यावे लागते की गावचा सरपंचही आपले मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेत पाठवीत असतो. आणखी एक कारण आहे, ते मोठ्याने बोलले जात नाही. खोली मागायला गेलेल्या परक्या माणसाला पगार विचारण्याआधी आडनाव विचारले जाते, आणि आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव. खोली अचानक ‘पाहुण्यांसाठी राखून ठेवलेली’ निघते. मुक्काम एकट्या कर्मचाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून नसतो. गावाचीही तशी इच्छा असावी लागते.

कड्याहून याच रस्त्याने आष्टी ओलांडून पुढे गेले की नगर जिल्ह्यातले जामखेड लागते. परमुलखातून येऊन डोंगराळ, अवर्षणग्रस्त भागात मुक्काम करण्याचे महाराष्ट्रातील एक मोठे उदाहरण तिथे घडले. डॉ. रजनीकांत आरोळे हे नगर जिल्ह्यातलेच, डॉ. मेबल या मराठी मुलखाबाहेरून आलेल्या. दोघे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, १९६० साली विवाह झाला, त्यानंतर काही वर्षे त्यांनी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केले. रुग्ण बरा होऊन जातो आणि तोच आजार घेऊन पुन्हा येतो, हे त्यांनी तिथे पाहिले. अमेरिकेत जाऊन सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेतल्यावर तिथेच राहण्याची संधी असूनही ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला आले. गावाने दिलेल्या जनावरांच्या जुन्या दवाखान्यात काम सुरू झाले. पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. लोकांना आधी हवे होते ते पाणी आणि अन्न, म्हणून आरोग्यप्रकल्पाचा बराचसा आरंभ विहिरी आणि मुलांचा आहार यांतून झाला.

आरोळे दांपत्याचा त्याग येथपर्यंत सर्वांना माहीत असतो. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कारही माहीत असतो. त्यांच्या अपयशाची गोष्ट तितकी सांगितली जात नाही, आणि आजच्या प्रश्नाला उपयोगी आहे ती तीच. त्यांनी प्रारंभी प्रशिक्षित परिचारिकांना खेड्यांत ठेवण्याची योजना आखली होती. परिचारिका खेड्यांत राहीनात. आणि ज्या गेल्या त्यांचा व गावातल्या बायकांचा सूर जुळेना. ज्या संस्थेचे चालक स्वतः खेड्यात येऊन राहिले होते, ज्यांच्या शब्दाला वजन होते, त्यांनाही पगारी माणसाकडून मुक्काम करवून घेता आला नाही. तेव्हा त्यांनी प्रश्नच उलटा केला. बाहेरचा माणूस गावात राहत नसेल, तर गावात राहणाऱ्याच माणसाला ते काम का शिकवू नये? गावोगावच्या पंचवीस-तीस वर्षांपासून साठीपर्यंतच्या बायका निवडल्या गेल्या. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही परित्यक्ता. त्या ठराविक दिवशी जामखेडला येत, एकत्र जेवत, एका छताखाली झोपत, शिकत आणि आपापल्या गावी परत जात. अतिसार झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, गरोदर बाई कधी धोक्यात आहे हे कसे ओळखावे, कुष्ठरोगाचा चट्टा कसा पाहावा, हे त्यांना येऊ लागले. १९७१ मध्ये या भागात हजार जन्मांमागे १७६ अर्भके दगावत होती. पंचवीस वर्षांत हा आकडा तीसच्या आत आला. डॉक्टरांच्या रुग्णालयाचा वाटा त्यात होता, परंतु मध्यरात्री दार वाजले की उठणारी बाई शेजारच्या गल्लीतली होती, ही गोष्ट अधिक निर्णायक ठरली.

अशा अनुभवांचा धडा देशानेही घेतला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा ‘आशा’ कार्यकर्ती ही त्याच गावची रहिवासी असावी अशी अट घालण्यात आली. अंगणवाडी सेविकेलाही स्थानिक रहिवासाची अट आहे. या स्त्रियांच्या वास्तव्याचा ठराव कधी करावा लागत नाही; त्या गावातच असतात, कारण त्या गावच्याच असतात. आता यातला व्यवहार पाहावा. जो कर्मचारी मुख्यालयी राहत नाही त्याला वेतन आहे, महागाई भत्ता आहे आणि न घेतलेल्या घराचे भाडेही आहे. जी बाई खरोखर मुक्कामी आहे तिला मानधन आहे. ‘मानधन’ या शब्दात मान पुढे आणि धन मागे ठेवलेले आहे, हे शासनाच्या भाषाप्रभुत्वाचेच द्योतक म्हणावे लागेल! डोंगरात राहण्याला काही मोल आहे असे शासनाला मनापासून वाटत असेल, तर ते मोल आज नेमके चुकीच्या खिशात पडत आहे.

आणि हा प्रश्न बीडच्या डोंगरात इतरत्र नाही इतका तीव्र आहे, कारण येथे गावचा माणूसही गावात राहत नाही. दसरा-दिवाळी झाली की बालाघाटातील वाड्यांतून ट्रॅक्टर निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ बनतात आणि पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर पाच-सहा महिने उघड्या रानात पाचटाच्या कोपीत काढतात. शहरातल्या माणसाला मोकळ्या हवेत, डोंगराजवळ राहण्याची हौस अलीकडे वाढली आहे. डोंगरातल्या माणसाच्या वाट्याला मोकळे आभाळ येते ते असे, दुसऱ्याच्या रानात आणि पहाटेच्या थंडीत. मागे उरतात आजी-आजोबा आणि मुले. मुलांची शाळा सुटू नये म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे: मूल नातेवाइकाकडे राहील आणि दोन वेळचे जेवण त्याला शाळेच्या आश्रयाने मिळेल. कागदावर ही योजना अत्यंत शहाणी आहे. परंतु दुसरे जेवण संध्याकाळी असते. त्या वेळी गावात कोण आहे, ताटावर किती मुले बसली हे कोण पाहतो, यावर ती तरते किंवा बुडते.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक: फडावरची अस्वच्छता, खाड्याचा दंड बुडू नये ही धास्ती, खासगी शस्त्रक्रियांचा धंदा. पण पोटात दुखू लागल्यावर त्या बाईने पहिला सल्ला कोणाला विचारला असेल? शस्त्रक्रियेची घाई नको, आधी तपासून घे, असे सांगू शकणारी शिकलेली बाई तिच्या उंबऱ्यापासून हाकेच्या अंतरावर राहत असती तर त्यांपैकी काही जणी तरी वाचल्या असत्या, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

डोंगर राहण्यास वाईट आहे अशातला भाग नाही. याच आष्टी तालुक्यात सावरगावच्या गडावर मच्छिंद्रनाथांचे समाधिस्थान आहे. भटकंती हाच ज्यांचा धर्म त्या नाथांच्या नावाचा अखेरचा मुक्काम लोकांनी या माळावर मानला, यात काही अर्थ असेल. पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा कोसळतो, नायगावच्या रानात मोर ओरडतात, दिवाळीच्या आगेमागे सीताफळे डोळा उघडतात. राहणाऱ्याला हे सारे फुकट मिळते. परंतु फुकट मिळणाऱ्या सौंदर्यावर संसार चालत नाही. उपकेंद्राच्या आवारात नळ असलेली दोन घरे बांधावीत, पती-पत्नीला एकाच केंद्रातल्या शाळा द्याव्यात, वाडीवर न जमले तर कड्यासारख्या बाजाराच्या गावी राहणे हेच मुख्यालय मानावे, आणि घरभाड्याचा भत्ता खरोखर राहणाऱ्यास दुप्पट व न राहणाऱ्यास शून्य करावा. आशा आणि अंगणवाडी सेविका यांचे मानधन वेतनात बदलावे. यांपैकी एकही गोष्ट ठराव करून घेण्याइतकी स्वस्त नाही, म्हणूनच बहुधा ठराव पसंत केला गेला.

त्या ठरावाची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. ग्रामसभेचे कामकाज लिहिण्याचे काम ग्रामसेवकाचे. २०२४ पासून त्याच्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी असे झाले आहे. अमुक कर्मचारी मुख्यालयी राहतो हे ज्या वहीत नोंदवायचे ती वही त्याच्याच हाती असते आणि नोंदवायच्या नावांत त्याचे स्वतःचेही नाव असते. सभा दुपारी आटोपती घ्यावी लागते. कारण संध्याकाळी ज्याला परत जायचे असते, त्याला गाडी गाठायची असते.