समुद्रातील पवनक्षेत्रांची स्थाननिश्चिती : कफ परेडच्या किनाऱ्यावरून विचार

समुद्रात पवनचक्क्या उभारून वीज निर्माण करण्याचा पहिला प्रयोग १९९१ साली डेन्मार्कमधील विंडेबी येथे झाला. भारताने यासंबंधीचे राष्ट्रीय धोरण २०१५ साली स्वीकारले. जून २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेली अर्थसाहाय्याची योजना गुजरात व तमिळनाडू या दोन किनाऱ्यांपुरतीच आहे. महाराष्ट्रापुढे हा प्रश्न उद्या उभा राहिल्यास स्थान कोणत्या कसोट्यांवर निवडावे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

पहिली कसोटी वाऱ्याची. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातील शक्ती आठपट होते. म्हणून वेगातील अल्प फरकही निर्णायक ठरतो. दुसरी खोलीची. तळात रोवलेला पाया सामान्यतः पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंतच परवडतो. मुंबईसमोरील समुद्रबूड जमीन रुंद व उथळ असल्याने ही कसोटी येथे अनुकूल आहे. तिसरी कसोटी इतर उपयोगांची. दोन मोठ्या बंदरांचे जलमार्ग, नौदलाचा वावर आणि मुंबई हायपासून उरणकडे येणाऱ्या वाहिन्या वगळल्या, म्हणजे नकाशावर काही भाग कोरा उरतो. तो कोरा भाग रिकामा आहे काय, हाच खरा प्रश्न आहे.

कफ परेडच्या मच्छीमार नगरातून पाहिले असता त्याचे उत्तर नकारार्थी येते. मुंबईच्या कोळ्यांची डोल हे जाळे ठरावीक जागी स्थिर बांधतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात शिरते. प्रवाह आणि तळ पाहून ठरलेली ही जागा मनास येईल तशी हलविता येत नाही. उधाण, भांग, मतलई हे शब्दही येथे विचारात घ्यावयास हवेत. मतलई म्हणजे रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा. दिशा, वेळ आणि शिडाच्या होडीची सोय यांचे ज्ञान त्या एका शब्दात साठले आहे. अशा शब्दांतून वाऱ्याचा वेग आकड्यांत मिळत नाही. त्यासाठी यंत्रेच हवीत. परंतु कोणती जागा कोण, केव्हा व कशासाठी वापरतो, हे यंत्र सांगत नाही.

ऋतूचा पेच याहून कठीण आहे. वारा सर्वांत जोरकस असतो तो नैर्ऋत्य मोसमात. त्याच काळात, १ जून ते ३१ जुलै, राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. परंतु खवळलेल्या समुद्रात पाया घालता येत नाही. साहजिकच बांधकामाचे महिने आणि मासेमारीचे महिने एकच ठरतात.

वरळीचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाखालून नौका जाण्यासाठी दोन खांबांत साठ मीटरचे अंतर योजिले होते. लाटा व प्रवाह यांमुळे नौका खांबावर आदळतील, असे कोळ्यांचे म्हणणे होते. डिसेंबर २०२२ मध्ये ते अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. कोळ्यांची मागणी त्याहून अधिक होती. हा वाद काम सुरू झाल्यानंतर मिटला, हे ध्यानी घ्यावे.

पवनचक्क्यांमध्ये अंतर पुष्कळ असते. तरी त्यांमधून नौका जाऊ द्याव्यात काय, याविषयी देशोदेशी भिन्न नियम आहेत. ब्रिटनमध्ये सामान्यतः मुभा आहे, बेल्जियममध्ये मनाई आहे. तेव्हा हा नियम आणि जाळ्यांच्या जागांची नावनिशीवार नोंद, या दोन्ही गोष्टी क्षेत्राची सीमा आखण्यापूर्वी सिद्ध असाव्यात. त्यांपैकी नोंदीचे काम भाषा व भूगोल या विषयांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन करण्याजोगे आहे.