स्पीडोमीटरवरचे १५० मैल आणि खरा वेग

साठच्या दशकात अमेरिकेत मध्यम आकाराच्या मोटारीत अवाढव्य व्ही-८ इंजिन बसविण्याची चढाओढ लागली आणि 'मसल कार' हा प्रकार लोकप्रिय झाला. 'बुलिट' (१९६८) या चित्रपटात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउताराच्या रस्त्यांवर भरधाव गेलेली काळी डॉज चार्जर ही त्यातील एक गाजलेली मोटार. तिच्या स्पीडोमीटरवरील शेवटचा आकडा आहे १५० मैल, म्हणजे ताशी सुमारे २४१ किलोमीटर. काटा खरोखरच तेथवर पोहोचत असे काय? मोटार न पळविताही, केवळ गणिताच्या आधारे या प्रश्नाचे बऱ्यापैकी उत्तर मिळू शकते.

अश्वशक्तीचे दोन हिशेब

चार्जरच्या '४२६ हेमी' या सर्वांत नामांकित इंजिनाची जाहीर केलेली शक्ती होती मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर ४२५ अश्वशक्ती. मात्र हा 'ग्रॉस' आकडा होता. त्या काळी इंजिन मोटारीबाहेर काढून, त्यावरील बराचसा भार वगळून मोजले जाई. एअर क्लीनर, सायलेन्सर आदी सर्व भाग जोडून मोजलेली 'नेट' शक्ती कमी भरते. १९७१ साली कंपनीने दोन्ही आकडे दिले, तेव्हा याच इंजिनाची नेट शक्ती ३५० अश्वशक्ती होती. पुढे गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सलमध्ये सुमारे १५ टक्के शक्ती खर्ची पडते असे धरले, तर चाकांपर्यंत जेमतेम ३०० अश्वशक्ती पोहोचते.

हवेचा अडसर

वेग वाढू लागला की मोटारीचा मुख्य विरोधक असतो तो वारा. हवेचा प्रतिरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, तर त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. म्हणजेच वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट शक्ती हवी. चार्जरचा वायुरोध गुणांक ०.४५, समोरचे क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर आणि चालकासह वजन १,८०० किलो गृहीत धरल्यास, ताशी २०० किलोमीटरसाठी चाकांवर सुमारे १५० अश्वशक्ती पुरते. २४० किलोमीटरसाठी मात्र २५० लागते आणि ३०० अश्वशक्ती साधारण २५५ किलोमीटरला संपून जाते. शक्तीच्या हिशेबाने ही कमाल मर्यादा झाली.

गिअरची मर्यादा

परंतु ही मर्यादा गाठण्याआधीच दुसरी आडवी येते. टॉप गिअरमध्ये इंजिनाचा फेरा थेट अ‍ॅक्सलकडे जातो. अ‍ॅक्सलचे गुणोत्तर ३.२३ असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाला ३.२३ फेरे घ्यावे लागतात. सुमारे २७ इंच व्यासाचे चाक एका फेऱ्यात २.१५ मीटर पुढे जाते. त्यानुसार ५,००० फेऱ्यांवर वेग भरतो ताशी २०० किलोमीटर. इंजिन ताणून ६,००० फेऱ्यांवर नेले तर २४०. पण तोवर त्याची शक्ती उतरणीला लागलेली असते. त्यामुळे २३० ते २४० हा अंदाज अधिक वास्तव ठरतो. काटा शेवटच्या आकड्याला स्पर्श करील, तोही अगदी अनुकूल परिस्थितीत.

पाव मैलाच्या शर्यतीसाठी अनेक ग्राहक ४.१० गुणोत्तर पसंत करीत. अशी मोटार सुरुवातीला झेप घेई, मात्र ६,००० फेऱ्यांवरही तिचा वेग १९० किलोमीटरच्या पुढे जात नसे. दोन चार्जर दिसायला सारख्या, इंजिनही तेच, तरीही कमाल वेगात ५० किलोमीटरचा फरक! जुन्या मोटारीच्या वेगाविषयीचा कोणताही दावा ऐकताना अ‍ॅक्सलचे गुणोत्तर प्रथम विचारावे, ते याचसाठी.

ट्रॅकवरचा विक्रम

२४ मार्च १९७० रोजी बडी बेकर याने तॅलाडेगाच्या ट्रॅकवर चार्जर डेटोना ताशी २००.४४७ मैल, म्हणजे सुमारे ३२३ किलोमीटर वेगाने पळविली. या आकड्याचा आधार अनेकदा साध्या चार्जरसाठीही घेतला जातो. वास्तविक त्या मोटारीला टोकदार नाक आणि मागे उंच पंख होता, इंजिनही शर्यतीसाठी तयार केलेले होते. साध्या चार्जरची आत दबलेली जाळी हवा अडविते आणि मागील खोलगट काच मोटारीला वर उचलू पाहते. हे दोष दूर करण्यासाठीच १९६९ मध्ये आधी चार्जर ५०० आणि नंतर डेटोना आली.

आज या मोटारींनी पन्नाशी ओलांडली आहे. अतिवेगात पुढचा भाग हलका होतो, जुने टायर तापतात आणि ड्रम ब्रेक एकाच जोरदार वापरात निष्प्रभ होऊ शकतात. ताशी २४० किलोमीटर वेगाने मोटार दर सेकंदाला ६७ मीटर अंतर कापते. पळण्याचे सामर्थ्य त्या काळच्या अभियंत्यांनी भरपूर दिले. थांबण्याचे मात्र त्या मानाने कमीच. म्हणूनच या मोटारीचा कमाल वेग रस्त्यावर नव्हे, तर कागदावर शोधलेला बरा.