झाकलेली फट

साडेतीन वर्षांचं मूल ‘बाबा’ म्हणतं आणि ऐकणाऱ्याला ‘मामा’ ऐकू येतं. ‘दादा’चा ‘नाना’ होतो. ‘काका’मधला क तर तोंडापर्यंत पोचतच नाही, घशातच तुटतो. आजी वेखंड उगाळून चाटवते. कुणी म्हणतं जीभ जड आहे, कुणी म्हणतं जिभेखालचा पडदा कापून आणा. शेवटी ‘याचे वडीलही उशिराच बोलायला लागले होते’ यावर घरात एकमत होतं आणि मूल तसंच बालवाडीत जातं.

संशय नेहमी जिभेवर घेतला जातो. पण ‘ब’ म्हणताना जिभेला काही कामच नसतं. ओठ मिटायचे, तोंडात हवेचा दाब धरायचा आणि सोडायचा. हा दाब धरायचा तर नाकाकडे जाणारी वाट बंद व्हावी लागते, आणि ती बंद करते मागची मऊ टाळू. ती पुरेशी उचलली गेली नाही तर हवा नाकावाटे निसटते आणि ‘ब’चा ‘म’ होतो. तेव्हा शोध घ्यायचा तो टाळूचा. गंमत अशी की तिथं वरवर पाहिलं तर पुष्कळदा काहीच सापडत नाही. गुलाबी अस्तर अखंड असतं. फट असते ती अस्तराच्या आत, स्नायूंमध्ये.

गर्भात टाळूचे दोन भाग साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात पुढून मागे जुळत जातात. पडजीभ सगळ्यांत शेवटी जुळते. टाळू उचलणारा स्नायू दोन्ही बाजूंनी येऊन मध्यावर एकमेकांना मिळतो आणि त्याची झोळी तयार होते. ती आखडली की टाळू वर आणि मागे जाते. छुप्या फटीत अस्तर जुळतं, पण स्नायू मध्यावर भेटत नाहीत. ते पुढे वळून कठीण टाळूच्या मागच्या कडेला चिकटतात. झोळीच नसल्यामुळे ओढ लागते ती भलत्या दिशेला. याच भागातला एक स्नायू कानाची नळी उघडतो. म्हणून या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साचतं, कान वाहतात, आणि आधीच अस्पष्ट बोलणाऱ्या मुलाला ऐकूही कमी येऊ लागतं.

१९५४ साली ब्रिटिश शल्यविशारद कॅल्नन यांनी या दोषाच्या तीन खुणा एकत्र मांडल्या. दुभागलेली पडजीभ, मऊ टाळूच्या मध्यावरून जाणारा फिकट, निळसर, पारभासक पट्टा, आणि कठीण टाळूच्या मागच्या कडेला बोटाला लागणारी खाच. आजही डॉक्टर याच खुणा शोधतात. मात्र तिन्ही प्रत्येकात असतीलच असं नाही. काहींत पडजीभही अखंड असते आणि दोष नाकातून दुर्बीण घालून वरच्या बाजूने पाहिल्यावरच उघड होतो. उलट नुसती दुभागलेली पडजीभ शंभरात एखाद-दुसऱ्याला असते आणि त्यांतले बहुतेक जण उत्तम बोलतात. म्हणून पडजीभ दुभागलेली दिसली की घाबरून जाण्याचं कारण नाही. नोंद घ्यावी, आणि बोलण्याकडे कान ठेवावा.

हे किती जणांना असतं? यासाठी सर्वाधिक उल्लेख होतो तो अमेरिकेतल्या डेन्व्हर शहराच्या पाहणीचा. वेदरली-व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०,८३६ शाळकरी मुलांच्या टाळू तपासल्या आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. छुपी फट ९ मुलांत सापडली, म्हणजे सुमारे १,२०० मुलांत एक. त्या नऊपैकी बोलण्यात दोष होता तो एकाच मुलाच्या. २०११च्या जनगणनेत आपल्या सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३,१७,७५६ होती. डेन्व्हरचं प्रमाण जसंच्या तसं इथं लावलं तर जिल्ह्यात साडेतीन हजारांवर माणसं छुपी फट घेऊन जगत असावीत आणि त्यांतली चारशेच्या आसपास सदोष बोलत असावीत. हा माझा हिशोब आहे, मोजणी नव्हे. नऊ मुलांवरून काढलेलं ‘नवातला एक’ हे प्रमाण तर फारच लवचीक आहे. तरीही एवढं कळतं की आपण एखाद्या अपूर्व व्याधीविषयी बोलत नाही. पुष्कळांना ती असते, थोड्यांना ती छळते, आणि त्या थोड्यांपर्यंत कुणी वेळेवर पोचत नाही.

उघड दिसणाऱ्या दुभंगाची गोष्ट वेगळी. भारतात दरवर्षी ओठ किंवा टाळू दुभंगलेली तीसेक हजार बाळं जन्मतात. फाटलेला ओठ पहिल्या मिनिटाला दिसतो. मग आईला ‘ग्रहणात विळी धरली असशील’ हे ऐकावं लागतं, जे निखालस खोटं आहे आणि क्रूरही. पण निदान बाळ डॉक्टरांपर्यंत जातं. छुप्या फटीत ग्रहणाला कुणी दोष देत नाही, दोष मुलावर येतो. लाडावलंय, मुद्दाम बोबडं बोलतं, लक्ष देत नाही. शाळेत ‘गेंगाण्या’ हे नाव पडतं. निदान होतं ते बहुधा चौथ्या-पाचव्या वर्षाच्या आसपास. कित्येकांचं शाळा निम्मी संपल्यावर होतं, तर काहींचं कधीच होत नाही.

जन्मतःच का कळत नाही? एक कारण साधं आहे. नवजात बाळाच्या तोंडात बोट फिरवून टाळू चाचपली जाते आणि पाहणं राहून जातं. ब्रिटनमध्ये तर उघडा टाळूदुभंगही पहिल्या दिवशी एक चतुर्थांशाहून अधिक बाळांत निसटत होता. म्हणून तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१४ मध्ये स्पष्ट सांगितलं की बोटावर भागवू नका. जीभ दाबून, बॅटरीच्या उजेडात टाळू पार पडजिभेपर्यंत डोळ्यांनी पाहा. यासाठी लागतं काय? एक चपटी पट्टी, एक बॅटरी आणि अर्धं मिनिट. बाळ रडत असलं तर उत्तमच, तोंड आपोआप उघडतं. सोलापुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. सिव्हिलपासून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत जिथं जिथं बाळंतपणं होतात, तिथं हे अर्धं मिनिट सक्तीचं व्हायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी चाळणी आपल्याकडे आधीच आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतात. टाळूदुभंग त्यांच्या यादीत आहे, आणि शस्त्रक्रियाही या कार्यक्रमात मोफत आहे. पण पथक एका दिवसात किती तोंडं पाहणार? वर्षभर मुलांचं बोलणं ऐकते ती अंगणवाडीताई. छुपी फट डोळ्याआधी कानाला कळते. ताईला एवढंच सांगावं की मुलाकडून ‘काका काकडी काप’ किंवा ‘दादा, दोरी दे’ असं म्हणवून घे. या वाक्यांत नाकातला एकही वर्ण नाही. नाकपुड्यांखाली लहानसा आरसा धरला आणि वाक्य म्हणताना तो धुकटला, तर हवा नाकातून निसटते आहे. (श्वास सोडताना आरसा धुकटणारच, म्हणून वाक्य सुरू झाल्यावर आरसा धरावा आणि संपायच्या आत काढावा.) यावरून निदान होत नाही, पण कुणाला पुढे पाठवायचं ते ठरतं. त्याबरोबर आईला विचारावं: तान्हेपणी दूध नाकातून यायचं का? पिताना फार वेळ लागायचा का? कान फुटतो का?

सोलापुरात यात एक जास्तीचा गुंता आहे. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, कितीतरी मोहल्ल्यांत उर्दू, आणि शाळेत मराठी. मूल अस्पष्ट बोललं की ‘अजून मराठी येत नाही त्याला’ अशी समजूत करून घेणं फार सोपं असतं. मराठी कच्चं असेल तर घरची भाषा स्वच्छ असायला हवी. तीही नाकातून येत असेल तर प्रश्न भाषेचा नाही.

एका बाबतीत मात्र घाई घातक ठरते. लहान मुलांच्या नाकामागच्या गाठी, म्हणजे अॅडिनॉइड, वाढलेल्या असतात आणि अपुरी टाळू त्यांनाच टेकून कशीबशी वाट बंद करते. मूल तोंडाने श्वास घेतं, घोरतं, म्हणून गाठी काढल्या जातात आणि बरं बोलणारं मूल एकदम नाकात बोलू लागतं. या शस्त्रक्रियेआधी टाळू नीट पाहिली का, हे पालकांनी विचारलंच पाहिजे. छुपी फट सापडली तर हृदयाची तपासणीही करून घ्यावी, कारण काही मुलांत मूळ कारण बाविसाव्या गुणसूत्राचा गळालेला एक तुकडा असतो आणि त्यात हृदयदोष वारंवार आढळतात.

निदान लवकर झालं म्हणजे लगेच टाके, असंही नाही. बोलणं स्वच्छ असेल तर टाळूला हात लावत नाहीत. दोष असेल तर तीन-चार वर्षांच्या सुमारास, बोलणं तपासता येऊ लागल्यावर, भरकटलेले स्नायू सोडवून मध्यावर आणून जोडतात. त्यासाठी अमेरिकी शल्यविशारद फर्लो यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत बरीच वापरली जाते. मोठेपणीही शस्त्रक्रिया होते. पण तोवर मुलाने हवा घशातच अडवून बोलायची सवय लावून घेतलेली असते आणि ती सवय टाके घालून जात नाही. ती वाचाउपचारतज्ज्ञाकडे, महिनोन्‌महिने, रोज घरी घोटून जाते. हा सराव घेते बहुधा आई, सोलापुरात पुष्कळदा विड्या वळता वळता. तिच्या हाती मराठी शब्दांची छापील यादी देऊन भागत नाही. तेलुगूत कावळा ‘काकि’, कन्नडमध्ये ‘कागे’. क घोटवायला दोन्ही छान, आणि घराच्या पत्र्यावर कावळा रोजच येतो.