चार पंख्यांचे यंत्र : जोडणीची हकीकत

विद्यालयाच्या मैदानावर नववीच्या विद्यार्थ्यांनी जोडलेला ड्रोन उडाला, ही वार्ता माजी विद्यार्थ्यांपर्यंत एव्हाना पोहोचलीच आहे. बाजारात तयार ड्रोन मिळत असता हा खटाटोप कशासाठी, असे अनेक पालकांनी आम्हांस विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर यंत्राच्या रचनेतच असल्याने आधी ती रचना सांगणे इष्ट होईल.

आम्ही 450 मिलिमीटरचा सांगाडा निवडला. एका मोटरपासून तिरप्या समोरच्या मोटरपर्यंतचे हे अंतर होय. त्याच्या चार भुजांवर चार ब्रशविरहित मोटरी बसतात. मोटरीवर 1000 केव्ही असे लिहिलेले असते. याचा अर्थ हजार किलोव्होल्ट नव्हे, तर भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला सुमारे हजार फेरे. आमची बॅटरी तीन घटांची, 11.1 व्होल्टची. दहा इंची पंख्यासह अशी एक मोटर साधारण 800 ग्रॅम भार उचलू शकते. चारांचे मिळून तीन किलोंहून अधिक. यंत्राचे वजन सुमारे एक किलो. उचलण्याची शक्ती वजनाच्या दुपटीहून कमी असू नये, हा हिशेब मुलांनी खरेदीपूर्वीच फळ्यावर मांडला होता.

चारही पंखे एकाच दिशेने फिरले तर संपूर्ण यंत्र उलट दिशेने गरगरू लागेल. म्हणून तिरप्या समोरासमोरच्या दोन मोटरी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आणि उरलेल्या दोन विरुद्ध फिरवितात. पुढे जावयाचे असल्यास मागील दोन पंखे किंचित वेगाने फिरतात. हा समतोल मधोमध बसविलेला नियंत्रक राखतो. त्यातील संवेदक कल जाणतो आणि सेकंदाला शेकडो वेळा प्रत्येक मोटरीचा वेग सुधारतो. वाऱ्याच्या झुळकीत माणसाच्या बोटांना हे साधणार नाही.

नियंत्रकाचा आदेश मोटरीपर्यंत पोहोचविणारा भाग म्हणजे ईएससी, अर्थात वेगनियंत्रक. प्रत्येक मोटरीस एक, असे चार. त्यांच्या लाल व काळ्या तारा सांगाड्याच्या खालच्या तबकडीवर डाख देऊन जोडाव्या लागतात, आणि खरी परीक्षा येथेच झाली. तबकडीवरील जाड तांबे उष्णता शोषून घेते. आमच्याकडील 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाख वरवर बसला. दिसावयास गोळा उत्तम, पण ओढताच तार हाती आली. असा कच्चा सांधा उड्डाणाच्या थरथरीत सुटला, तर यंत्र दगडासारखे कोसळते. 60 वॅटचे आयर्न आणल्यावर डाख पाण्यासारखा पसरला आणि सांधे चकचकीत आले. ज्यांच्या घरी वायरिंगचे काम चालते, अशा दोन मुलांचे हात येथे आमच्यापेक्षा तयार निघाले, हे नमूद करणे आम्हांस आवडेल.

एक चूक मात्र आमचीच. अंधार पडत आला होता, घाई होती. एका वेगनियंत्रकाच्या लाल-काळ्या तारा उलट जोडल्या गेल्या. बॅटरी लावताच धूर निघाला आणि तो भाग गेला. त्यानंतर आम्ही नियम केला : आधी मल्टिमीटरने लाल आणि काळ्याचा कोठे स्पर्श होत नाही ना हे तपासावयाचे, मग पहिल्यांदा बॅटरी जोडताना मध्ये मोटारगाडीचा 12 व्होल्टचा दिवा घालावयाचा. दिवा क्षणभर लुकलुकून मंदावला तर जोडणी ठीक. लख्ख पेटून राहिला तर कोठेतरी शॉर्ट आहे. पुढल्याच आठवड्यात तो लख्ख पेटला. तबकडीखाली तारेचा केसाएवढा तंतू अडकलेला सापडला. दहा-वीस रुपयांच्या दिव्याने चारही वेगनियंत्रक वाचविले.

मोटर उलट फिरत असल्यास तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल पुरते. ही परीक्षा पंखे न लावताच करावी. फिरता पंखा बोट कापतो. आमच्या पहिल्या उड्डाणात मोटरी बिनचूक होत्या, परंतु दोन पंखे एकमेकांच्या जागी बसले होते. यंत्र उचलले गेलेच नाही, जागीच पालथे झाले आणि एक पंखा तुटला. पंखेही उजवे-डावे असतात, हे मुले आता विसरणार नाहीत.

बॅटरीविषयी वसतिगृह अधीक्षकांची चिंता रास्त होती. लिथियम-पॉलिमर घट 4.2 व्होल्टपेक्षा अधिक भरला, टोचला गेला वा फुगला तर पेट घेऊ शकतो. म्हणून चार्जिंग प्रयोगशाळेतच, फरशीवर, वाळूची बादली शेजारी ठेवून आणि शिक्षक समोर असताना होते. निजण्याच्या खोलीत बॅटरी नेण्यास सक्त मनाई आहे.

14 एप्रिलच्या मिरवणुकीवर ड्रोनमधून पुष्पवृष्टी व्हावी, असा आग्रह गावातील मंडळींनी मोठ्या प्रेमाने धरला. आम्ही नकार दिला. चार पंख्यांच्या यंत्राची एक मोटर बंद पडली की ते सावरत नाही. खाली लेकरे आणि माता-भगिनी असताना एक किलो वजन, फिरत्या पात्यांसह, त्यांच्या डोक्यावर नेण्यास आमचे मन धजेना. शिवाय 2021 च्या ड्रोन नियमांनुसार एवढ्या वजनाचे यंत्र मायक्रो वर्गात मोडते आणि ते कोठे उडविता येईल यास मर्यादा आहेत. काही मंडळी रुसली. दुसऱ्या दिवशी पहाटे, वारा पडलेला असताना, तीच मंडळी मैदानाच्या दोरीबाहेर येऊन उभी राहिली. सात मिनिटांनी बॅटरीचा इशारा वाजला आणि नववीच्या विद्यार्थिनीने यंत्र खुणेच्या चौकोनापासून हातभर अंतरावर उतरविले.