खोरे, दोरी आणि शिट्टी

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून क्रीडासप्ताहाची लगबग सुरू होते आणि आमच्या दवाखान्यात मनगट, घोटा, गुडघा धरून येणारी मुले वाढतात. सोबत आलेले पालक बहुधा दोनच वाक्ये बोलतात. "नशीब डॉक्टर, थोडक्यात निभावलं," हे एक. "याचं खेळणं आता बंदच करतो," हे दुसरे. दोन्ही मला पटत नाहीत. उड्या आणि फेक या प्रकारांतील बहुतेक इजा नशिबाने होत नाहीत, मैदानाच्या मांडणीतील चुकीने होतात. ती चूक सुधारायला खर्चही फारसा लागत नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाळेने मला स्पर्धेच्या दिवशी वैद्यकीय मदतीसाठी बोलावले होते. कापूस, टिंक्चर, पट्ट्या मांडून मी मांडवात बसलो होतो. समोर थाळीफेकीचा सराव चालू होता. थाळी जिथे पडायची तिथेच दहा-बारा मुले उभी होती. थाळी उचलायची आणि तिथूनच परत भिरकावायची, असा प्रकार. सरांना सांगावे असे मनात आलेही; पण आपण पडलो पाहुणे, म्हणून चहा घेत गप्प राहिलो. पंधरा मिनिटांत एकाच्या हातून थाळी भलतीकडेच सुटली आणि आठवीतल्या एका मुलाच्या खांद्यावर आदळली. कॉलर-बोन मोडले. वीतभर वर लागली असती तर कानशिलावर बसली असती. "देवासारखे धावून आलात," असे त्याची आई मला म्हणाली. मला मान वर करवली नाही.

ही भीती अनाठायी नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये केरळमधील पाला येथे राज्य कनिष्ठ मैदानी स्पर्धेत हातोडाफेक आणि भालाफेक एकाच वेळी चालू होती. भाले गोळा करणाऱ्या स्वयंसेवक विद्यार्थ्याच्या डोक्यावर हातोडा आदळला आणि पुढे रुग्णालयात तो दगावला. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातील एका शाळेच्या मैदानावर सरावाच्या वेळी भाला डोक्याला लागून एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. ७ ऑगस्ट २०२१ रोजी नीरज चोप्राने टोकियोत ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्णपदक जिंकल्यापासून आमच्या भागातली पोरेही भाल्याकडे ओढली गेली आहेत. ही आनंदाचीच गोष्ट; पण भाल्याबरोबर शिस्तही मैदानात आली पाहिजे.

ही शिस्त दोरी आणि शिट्टीने लागते. फेकणाऱ्याच्या बरेच मागे जमिनीवर एक दोरी आखावी आणि बाकी सर्वांनी तिच्या पलीकडेच उभे राहावे. बाजूला उभे राहणेही धोक्याचे, कारण गिरकी घेताना थाळी कुठेही सुटू शकते. एका शिट्टीला फेक. सर्वांची फेक संपली, की दुसऱ्या शिट्टीला सगळ्यांनी मिळून चालत जाऊन साहित्य उचलावे. धावायचे नाही आणि परत फेकायचे तर मुळीच नाही, हातात घेऊनच यायचे. जमिनीत रुतलेल्या भाल्याकडे बाजूने जावे. घाईत समोरून धावत गेल्यास त्याची शेपटी डोळ्यात जाते. भाला उभा धरून, टोक खाली ठेवून आणावा. गोळा, थाळी ओली झाली असेल तर फडक्याने पुसावी. एका मैदानावर एका वेळी एकच फेक.

वजनाचेही पथ्य आहे. पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा असतो. अठरा वर्षांखालील मुलांसाठी तो ५ किलोचा आणि मुलींसाठी ३ किलोचा ठरवलेला आहे. सहावी-सातवीच्या मुलांना त्याहून हलका द्यावा. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेची नाजूक चकती असते. तिथूनच हाड वाढते. जड वजनाने किंवा अति सरावाने तिथे दुखू लागते. कोपर, खांदा वा टाच रोज दुखत असेल तर "सवय होईल" म्हणू नये, विश्रांती देऊन डॉक्टरांना दाखवावे.

आता उड्या. इथे खोरे लागते. लांब उडीचा हौद पावसाने आणि पायांनी दगडासारखा घट्ट होतो. सरावापूर्वी वाळू निदान फूटभर खोल खणून मोकळी करावी, खडे-काचा वेचाव्यात आणि खोरे हौदापासून दूर ठेवावे. उंच उडीत मात्र मुले टीव्हीवर पाहिलेली पाठीवरची उडी मारू पाहतात. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरीने ती जगाला दाखवली. पण खाली फोमची जाड गादी होती म्हणून ती शक्य झाली. आपल्या बहुतेक शाळांत वाळूच आहे. वाळूवर पाठ वा मान टेकवून पडणे म्हणजे मणक्याशी खेळ. गादी नसेल तर पायांवर उतरणारी कात्री उडीच शिकवावी. आडवी काठी हलकी आणि धक्क्याने खाली पडणारी असावी. दोन्ही टोकांना बांधलेली दोरी नको, तिच्यात पाय अडकतो.

एवढे करूनही इजा झालीच तर काय? मोडलेला भाग पुठ्ठा किंवा फूटपट्टीचा आधार देऊन, हलू न देता बांधावा. चोळू नये, ओढून बसवू नये. मानेला वा पाठीला मार असेल तर मुलाला बसवू नये, उचलू नये. डोके-मान स्थिर धरून १०८ ला फोन करावा. भाला रुतला असेल तर तो उपसू नये. डोक्याला मार लागल्यावर उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसले तर तडक रुग्णालय गाठावे.

पालकांना एवढेच सांगणे, की मुलाचे खेळणे बंद करू नका. एकदा शाळेत जा, हौदात हात घालून पाहा आणि फेक चालू असताना मुले कुठे उभी असतात ते पाहा. चूक दिसली तर सरांशी गोडीने बोला. साठ मुलांमागे एकच सर असतात, त्यांनाही मदत हवीच असते. मीही आता बोलावणे आले, की मांडवात बसण्यापूर्वी मैदानाला एक फेरी मारतो. चहा त्यानंतर.